घाट चढून आलेली सुकट

मावळच्या इतिहासाचा विषय निघाला म्हणजे लोहगड-विसापूरचे बुरूज, कार्ला-भाजे-बेडशाची लेणी आणि शिवकाळातील मावळे ह्यांच्यापासून आरंभ करण्याचा प्रघात आहे. तो योग्यच आहे. ह्या लेखात मात्र मला एका अगदी लहान दाराने आत शिरायचे आहे. ते दार म्हणजे लोणावळ्यातील आमच्या घराच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवलेला एक पत्र्याचा डबा. त्या डब्यात सुकट असे. घट्ट झाकणाचा तो डबा उघडला की दोन खोल्यांच्या घरात समुद्र येई, असे माझी धाकटी बहीण म्हणत असे. समुद्र तिने तोवर पाहिलेला नव्हता.

माझे वडील रेल्वेत गँगमन होते. ते मूळचे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील. बाजरीची भाकरी आणि पिठले हा त्यांचा पिंड. आई वसईच्या किनाऱ्यावरील ख्रिस्ती कोळ्यांची मुलगी. पावसाळ्यात वडिलांना घाटात रात्रीची गस्त असे. हातात कंदील, खांद्याला पिशवी, त्या पिशवीत धोक्याची सूचना देणारे फटाके, आणि डोक्यावर इरले. अशा थाटात ते खंडाळ्याच्या पुढे मंकी हिलच्या बाजूला रुळांवरून चालत जात आणि दरड कोसळली आहे काय ते पाहत. लोणावळ्याला वर्षाकाठी सुमारे ४००० मिलिमीटर पाऊस पडतो, व त्यातील बहुतेक चार महिन्यांतच. संध्याकाळी ते भिजून घरी येत आणि तासाभरात पुन्हा निघत. तेवढ्या वेळात कपडे वाळवायचे, अंग शेकायचे आणि पोटभर गरम जेवायचे. आमच्या घरची सुकटीची भाजी ही त्या एका तासाची निर्मिती होती. आई स्टोव्ह पेटवी आणि वीस मिनिटांत ताट वाढी.

त्या वीस मिनिटांच्या मागे किती काळ उभा आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळू लागले.

प्रथम हा पदार्थ काय आहे ते सांगितले पाहिजे, कारण देशावरच्या पुष्कळ वाचकांच्या मनात ह्या नावांचा गोंधळ असतो. कोळंबी ही मोठी. ती सोलून वाळवली की तिचे सोडे होतात. करंदी तिच्याहून लहान. सर्वांत लहान तो जवळा. हा जेमतेम बोटाच्या पेराएवढा असून त्याचे थवेच्या थवे उत्तर कोकणच्या किनाऱ्याजवळ येतात. बोंबलासारखे मासे ह्या जवळ्यावरच जगतात. वाळलेल्या जवळ्याला आपण सुकट म्हणतो. काही घरी करंदीलाही तेच नाव आहे. वसई, उत्तन, वेसावे, रेवदंडा ह्या भागांत जवळा धरण्याचे जुने साधन म्हणजे डोल. भरती-ओहोटीच्या ओढीसमोर तोंड उघडे ठेवून रोवलेले ते लांब पिशवीसारखे जाळे. त्याला पाठलाग करावा लागत नाही. समुद्र स्वतःच त्यात मासळी आणून सोडतो. डोल काढणे हे पुरुषाचे काम, परंतु होडी किनाऱ्याला लागली की मालाची धनीण कोळीण. निवडणे, पसरणे, उलथणे, राखणे आणि विकणे हे सर्व तिच्याकडे.

ओल्या जवळ्याच्या वजनात तीन चतुर्थांशाहून अधिक पाणी असते. तो काही तासांतच बिघडू लागतो. म्हणून तो आल्याबरोबर सारवलेल्या अंगणात वा खळ्यावर पातळ पसरायचा, कावळ्या-कुत्र्यांपासून राखायचा, दुपारी उलथायचा आणि दव पडण्यापूर्वी गोळा करायचा. कडक ऊन असेल तर दिवसा-दोन दिवसांत तो खडखडीत होतो. ह्या कामाला ना मीठ लागते, ना बर्फ, ना भांडवल. लागते ते ऊन आणि पाठ. आईची आई ह्या कामाने अकाली वाकली होती. आम्ही मुले तिला पाहून हसत असू, हे आता लिहिताना बरे वाटत नाही.

वाळलेला जवळा हलका होतो, टिकतो, आणि म्हणून चालू शकतो. ओली मासळी किनाऱ्याची कैदी आहे. सुकी मासळी मात्र बैलाच्या पाठीवर बसून डोंगर चढू शकते. सह्याद्रीच्या ह्या बाजूला मासळी आली ती ह्याच रूपाने.

आता डोंगराकडे वळू. कोकण आणि देश ह्यांच्यामध्ये सह्याद्रीची भिंत उभी आहे आणि त्या भिंतीला मावळात अनेक फटी आहेत. बोरघाट सर्वांत प्रसिद्ध. त्याच्या जोडीला नागफणीच्या पायथ्याशी उतरणारा कुरवंड्याचा घाट, उत्तरेकडे कुसूरचा आणि सावळ्याचा. कुरवंड्याच्या वाटेनेच १६६१ साली कारतलबखानाची फौज खाली उतरली आणि उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी तिला कोंडले. राजमाची, लोहगड, विसापूर हे किल्ले ह्याच वाटांवर डोळा ठेवून बसलेले आहेत. किल्ला वाटेवर नजर ठेवतो, ह्याचा अर्थ वाटेवरून काहीतरी मोलाचे जात असते.

ही वाहतूक किती जुनी आहे ह्याची साक्ष कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबच देतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या दानलेखांत दूरदूरचे लोक भेटतात. कोणी धेनुकाकटाचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, कोणी यवन म्हणवून घेणारा, कोणी वैजयंतीचा, म्हणजे आजच्या बनवासीचा, श्रेष्ठी. एक खांब सोपाऱ्याहून आलेल्या एका धर्मोपदेशकाचे दान आहे. हे सोपारे म्हणजे आजच्या वसई धर्मप्रांताच्या कुशीतील नालासोपारा. माझ्या आईच्या माहेराहून कार्ल्यापर्यंतची वाट त्या काळीही चालती होती, हे तो लेख वाचताना लक्षात आले आणि मी त्या खांबापाशी थोडा वेळ उभा राहिलो. सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरे, मधे घाट, आणि वर ही लेणी, असा तो साखळदंड आहे.

ह्या वाटेने रेशीम, सुगंधी द्रव्ये, मद्याचे कुंभ गेले असतील. इतिहासाची पुस्तके त्यांच्याविषयी लिहितात. परंतु रोज जाणारा माल निराळा असतो. कोकणातून वर येई ते मीठ, नारळ आणि सुकी मासळी. वरून खाली जाई ते धान्य, गूळ, पुढे कापूस. लमाणांचे बैलांचे तांडे ही ने-आण करीत. मीठ आणि सुकट ह्यांचा प्रवास जोडीने होई. आमच्या फळीवरही ती जोडी तशीच शेजारी बसली होती.

येथे एक गोष्ट मनात आल्यावाचून राहत नाही. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि तेथील ख्रिस्तमंदिरांच्या घंटा विजयचिन्ह म्हणून देशावर नेल्या गेल्या. त्यांपैकी एक भीमाशंकरच्या देवळात आजही आहे. आपल्या लोकांना ह्या घंटांचा इतिहास तोंडपाठ असतो आणि त्याबद्दल थोडी हळहळही असते. वसईची एक घंटा घाट चढली, त्याची आपण नोंद ठेवली. त्याच किनाऱ्यावरून शतकानुशतके ज्या टोपल्या घाट चढल्या, त्यांची मात्र कोणी नोंद ठेवली नाही. घंटा धातूची होती, टोपली बांबूची; आणि टोपली वाहणारी बहुधा बाई होती.

सुकट मावळात रुजली ह्याचे कारण केवळ वाट नव्हे. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात ज्वारी-बाजरी पिकते. मावळ मात्र भाताचा मुलूख. आंबेमोहोराची इथली ख्याती जुनी आहे, आणि वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला इंद्रायणी तांदूळ आता महाराष्ट्रभर गेला आहे. भातखाऊ माणसाला कालवण लागते. पावसाच्या पहिल्या सरींत ओढ्यांना वळगणीचे मासे चढतात, भातखाचरांत खेकडे आणि झिंगे मिळतात, तेवढे दिवस मावळकराची चंगळ. पुढे आषाढ-श्रावणात भाजीपाला दुर्मिळ आणि पाऊस असा की घराबाहेर पडवत नाही. म्हणून मे महिन्यात आगोट भरायची. लाकडे, गोवऱ्या, मीठ-मिरची, पापड आणि सुकट. ज्याच्या डब्यात सुकट आहे त्याला चार महिने काळजी नाही, असा तो हिशेब होता. आमच्या शेजारी महादेव कोळ्यांचे एक कुटुंब राहत असे. हे डोंगरकोळी, समुद्राशी त्यांचा संबंध नाही. तरी आगोटीच्या दिवसांत ती माउली आणि माझी आई एकाच पाटीभोवती बसून सुकट निवडीत. ‘नावाने आपण दोघी कोळणी, पण पोहता एकीलाच येते,’ असे ती म्हणे.

समुद्राची माणसे मावळात येण्याचे आणखी एक निमित्त म्हणजे कार्ल्याची एकवीरा. चैत्रात मुंबई, ठाणे आणि रायगडकडचे कोळी-आगरी समाज हजारोंच्या संख्येने तिच्या यात्रेस येतात. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू मंडळींचीही ती कुलस्वामिनी आहे. सोड्याची खिचडी आणि सोडे-वांगे ह्यांत ज्यांचा हात धरवत नाही, तो हाच समाज, ही गोष्ट मला मोठी बोलकी वाटते. ज्या लेण्याच्या खांबांवर सोपाऱ्याचे नाव कोरले आहे, त्याच लेण्याच्या दारात आज समुद्रकाठची माणसे उतरतात. धर्म बदलले, राज्ये बदलली. किनारा आणि डोंगर ह्यांचे येणे-जाणे तसेच राहिले.

इंग्रजी अमदानीत ही वाट रुंद झाली. १८३० साली बोरघाटात गाडीरस्ता तयार झाला आणि नोव्हेंबरात गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यांनी तो खुला केला. त्या रस्त्यावरचा जो जुना पूल पुढे अमृतांजन पूल म्हणून ओळखला जाई, तो २०२० च्या एप्रिलमध्ये पाडण्यात आला. रस्त्यानंतर आली ती रेल्वे. पुणे ते खंडाळा गाडी १८५८ च्या जूनमध्ये सुरू झाली, परंतु घाटाचे काम व्हायचे होते. म्हणून पाच वर्षे प्रवाशांनी मधला चढ पालखीतून, तट्टावरून किंवा पायी पार केला. घाटातील लोहमार्ग २१ एप्रिल १८६३ रोजी खुला झाला. पंचवीस बोगदे आणि १८३१ फुटांची चढण. १८६१ साली ह्या कामावर सुमारे ४२,००० माणसे होती. पटकीने आणि अन्य रोगांनी त्यांतली हजारो दगावली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे येऊन काही आठवड्यांतच मरण पावला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते कंत्राट पुढे चालवले. तिचे नाव ग्रंथांतून आढळते, आणि ते आढळावेच. ज्या मजूर स्त्रियांनी दगडांच्या पाट्या वाहिल्या त्यांची नावे आढळत नाहीत. माझे वडील रात्री ज्या रुळांवरून चालत, ते ह्या माणसांच्या हाडांवर अंथरलेले आहेत असे ते स्वतःच म्हणत. हे वाक्य त्यांच्या गँगमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आले असावे.

रेल्वेने दोन गोष्टी केल्या. एक, लोणावळ्याचे गाव केले. रेल्वेच्या नोकरीमागून गोव्याची, उत्तर कोकणची, नगरकडची कुटुंबे आली आणि डोंगरातल्या ह्या गावात ख्रिस्ती वस्ती वाढली. पुढे टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठी वळवणच्या धरणाची कोनशिला १९११ साली बसली आणि १९१५ पासून खोपोलीची वीज मुंबईला मिळू लागली. त्या कामानेही माणसे आणली. दुसरे म्हणजे, बैलाला जो घाट चढायला एक दिवस लागे तो आगगाडीने तासा-दीड तासावर आणला. बर्फातली ओली मासळीही आता वर येऊ शकत होती. तरी सुकट हटली नाही. ओली मासळी आणली त्या दिवशीच खावी लागते, आणि गँगमनच्या घरी पैसे ज्या दिवशी असत त्या दिवशी मासळीवाली येईलच असे नव्हते. सुकट थांबू शकते. गरिबाच्या अन्नाचा तो पहिला गुण आहे.

आमच्याकडे येणारी मावशी खोपोलीहून येई. डोक्यावर हारा, हातात लाकडी मापटे. ‘गो बाय, डबा आण,’ अशी तिची हाक पायरीवरूनच येई. आई तिला घरात बोलावून चहा देई, मग भाव करी, मग भांडे, मग पुन्हा चहा. हिशेब आईच्या वहीत असे. मावशीला लिहिता येत नव्हते, तरी तिचे तोंडचे आकडे आणि वहीतले आकडे कधी चुकले नाहीत.

आता ती वीस मिनिटे. आई मूठ-दोन मुठी सुकट सुपात घेऊन पाखडी. मिशा, पाय, बारीक वाळू निघून जाई. मग लोखंडी तव्यावर कोरडीच भाजायची, करडा रंग किंचित गुलाबी होईपर्यंत. ह्या पायरीला घाई चालत नाही. सुकट कच्ची राहिली तर उग्र लागते, जळली तर कडू. भाजलेली सुकट पाण्यात बुडवून लगेच पिळून काढायची. तेवढ्यात स्टोव्हवर तेल तापले असे. ठेचलेला लसूण, भरपूर कांदा, हळद आणि तिखट. वसईकडचा बाटलीत भरलेला मसाला असला तर तो, नसला तर वडिलांच्या गावचे काळे तिखट. सुकट घालून वर दोन आमसुले, आणि झाकण. मीठ शेवटी, चाखून. भात आधीच उतरवलेला असे. वडील ओल्या बनियनवर घोंगडी पांघरून चुलीच्या कोपऱ्यात बसत. तव्यावरचा पहिला वास आला की त्यांचा चेहरा सैल होत असे. ते बोलके नव्हते. पहिला घास गिळल्यावर ‘आता जाता येईल,’ एवढेच म्हणत.

बाजरीच्या मुलखातल्या माणसाला ही चव लागली कशी, ह्याचे उत्तर शुक्रवारात आहे. १९१७ च्या धर्मसंहितेने शुक्रवारी मांस आणि मांसाचा रस्सा वर्ज्य केला होता, मासळी नव्हे. पोर्तुगीज अमलाखालील ख्रिस्ती लोकांना ‘बुला दा क्रुझादा’ ह्या परवान्याने दानधर्माच्या मोबदल्यात ह्या नियमांत सवलत मिळत असे. देशावरच्या नवख्या ख्रिस्ती घरांना असले काही ठाऊक नव्हते. त्यांचा शुक्रवार म्हणजे पिठले. १९६६ साली पोप सहावे पॉल ह्यांनी नियम शिथिल केले आणि मांसवर्ज्याऐवजी अन्य तप वा दानधर्म नेमून देण्याची मोकळीक बिशप परिषदांना मिळाली. परंतु आमच्या आईने परिषदेचे मत विचारले नाही. लग्नानंतरच्या पहिल्या शुक्रवारी तिने सुकट केली आणि आमच्या घरापुरता तो प्रश्न कायमचा मिटला. हा उपवास की मेजवानी, अशी शंका मी सेमिनरीतून सुटीवर आलो असताना पांडित्याने काढली होती. ‘मापटे किती पैशाला मिळते ते तुला माहीत आहे का?’ असे तिने विचारले. मला माहीत नव्हते. त्या काळी सुकट हे सर्वांत स्वस्त कोरड्यास होते.

मात्र ज्यांच्या शास्त्राला कोळंबीच चालत नाही असे लोकही त्याच किनाऱ्यावर शेजारी राहत होते. लेवीय ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात पंख व खवले नसलेले जलचर निषिद्ध ठरवले आहेत. रायगडच्या किनाऱ्यावर तेल गाळणारे बेने इस्राएल लोक हे यहुदी आहेत हे ओळखले कसे गेले, ह्याविषयी त्यांची परंपरा सांगते की डेव्हिड राहाबी नावाच्या पाहुण्याने त्यांच्या स्त्रियांपुढे मिश्र मासळी रांधण्यासाठी ठेवली, आणि त्यांनी पंख-खवल्यांची तेवढी घेऊन उरलेली बाजूला सारली. आख्यायिका असो, पण सुंदर आहे. पुष्कळ काही विसरलेल्या माणसांना आपण कोण हे स्वयंपाकघराने लक्षात ठेवायला लावले. आपल्याकडे हा निषेध उरला नाही, ह्याचे मूळ प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायात, यापो गावच्या गच्चीवर पेत्राला झालेल्या दर्शनात आहे. पेत्र तेव्हा समुद्रकाठी, कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी उतरला होता. कातडी कमावणाऱ्याच्या घराला केवढा वास येत असेल! तो प्रसंग वाचताना मला नेहमी तो वास आधी आठवतो आणि मग ते दर्शन.

कारण सुकटीचा इतिहास हा वासाचाही इतिहास आहे. तो लिहिताना मला स्वतःविषयी थोडे लिहिणे भाग आहे. मी सेमिनरीत पहिल्या वर्षाला असताना आई मला भेटायला आली. तिने पिशवीतून एक बरणी काढली. आत सुकटीची चटणी होती, लसूण आणि सुके खोबरे घालून कोरडी केलेली, महिनाभर टिकेल अशी. भेटीच्या खोलीत इतर मुलांचे पालकही होते. कोणी काही बोलले नाही. एका बाईने फक्त खिडकी उघडली. मी आईला दारापर्यंत पोचवायला गेलो आणि म्हणालो, ‘पुन्हा हे आणू नकोस.’ ती ‘बरं’ म्हणाली. त्यानंतर सेमिनरीची सर्व वर्षे तिने चिक्की आणली. लोणावळ्याची चिक्की, जी पर्यटक नेतात. ती चटणी मी खोलीत दार लावून खाल्ली, हेही येथे नोंदवतो.

आजही आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाला भाड्याचे घर देताना मालकाने अट घातली: मासळी, विशेषतः सुकी, भाजायची नाही. नवरा-बायको दोघेही नोकरी करतात, मुले शाळेत. संध्याकाळी सात वाजता घरी आल्यावर झटपट होणारे, मुलांना आवडणारे असे हेच एक कालवण त्या बाईला येत होते. तिने मला विचारले, ‘फादर, खिडक्या लावून भाजले तर खोटेपणा होईल का?’ मी तिला उत्तर दिले नाही. बरणीची गोष्ट सांगितली. पुढच्या महिन्यात त्यांनी घर बदलले.

ह्या मधल्या काळात पुष्कळ काही बदलले आहे. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि घाट मिनिटांचा झाला. २००९ साली व्हेनामी जातीच्या कोळंबीची शेती करण्यास आपल्या देशात परवानगी मिळाली, आणि आता आंध्रच्या तळ्यांतली सोललेली कोळंबी गोठवलेल्या पाकिटांतून आपल्या गावातही मिळते. ती पाकिटे मी वाईट म्हणणार नाही. दहा मिनिटांत शिजते, वास येत नाही, मालकाची हरकत नसते. तिकडे किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आणि ते आवश्यकच आहे. उरलेल्या महिन्यांत मात्र यांत्रिक नौका बारीक आसाची जाळी ओढतात, आणि वाळवलेल्या जवळ्याचा काही भाग माणसाच्या ताटाऐवजी कोंबड्यांच्या खाद्याकडे जातो. सुकट महाग झाली आहे, सोडे तर मटणालाही मागे टाकतात. शुक्रवारी ते रांधणाऱ्याने मांस वर्ज्य केले, पण काटकसर केली असे आता म्हणता येणार नाही. आईने मला विचारलेला प्रश्न आज मी कोणाला विचारला तर उत्तर उलट येईल.

वाळवणारे हातही कमी झाले. आईच्या माहेरच्या खळ्यांपैकी काहींवर इमारती उभ्या आहेत. माझ्या मामेबहिणी बँकेत आणि इस्पितळात काम करतात. त्यांची पाठ सरळ आहे, आणि त्याचा मला आनंद आहे.

मावशी २०२० च्या मार्चपर्यंत येत होती. तोपर्यंत आई थकली होती आणि मी तिला माझ्याजवळ आणले होते. मावशी धर्मगुरूंच्या निवासाच्या मागच्या दाराशी येऊन बसे. टाळेबंदीत गाड्या थांबल्या. त्या पावसाळ्यात डबा रिकामा राहिला. आई त्याच वर्षी नाताळाआधी वारली. तिची वही चाळताना शेवटच्या पानावर मावशीच्या नावापुढे १८० रुपये आढळले. वडिलांच्या हयातीपासून चाललेल्या त्या हिशेबात एवढीच बाकी होती.

गाड्या सुरू झाल्यावर मी खोपोलीला गेलो. बाजारात दोन-तीन ठिकाणी विचारपूस करावी लागली. मावशी घरीच असते, डोळ्यांनी दिसत नाही, असे तिच्या लेकीने सांगितले. ती स्वतः आता पाटी घेऊन बसते, पण घाट चढत नाही. वर यायला परवडत नाही म्हणाली. मी पैसे दिले. तिने ते कपाळाला लावून कमरेच्या पिशवीत टाकले आणि विचारले, ‘फादर, डबा आणलाय का?’ मी आणला नव्हता. तिने वर्तमानपत्राचे दोन कागद एकात एक घालून त्यांत एक मापटे सुकट ओतली, वर आणखी एक मूठ घातली आणि दोऱ्याने बांधून दिली. मापटे तेच होते, काठाला तारेने बांधलेले. परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारच्या गृहस्थांनी थोड्या वेळाने काच सरकवली. मी पुडके मांडीवरच ठेवले.